गिऱ्हाईक बघण्याचा कार्यक्रम

भिवाजी ओटीवर येऊन बसला की त्या घरातलं मांजरसुद्धा शेपूट आवरून बसतं, असं खालापूर तालुक्यात म्हणत. म्हणजे निदान भिवाजी तरी म्हणत असे. लग्नं जुळवणं हा त्याचा उद्योग. त्यानं जुळवलेल्या जोड्या एका रांगेत उभ्या केल्या, तर रांगेचं तोंड खोपोलीच्या बाजारात आणि शेपूट कर्जतच्या पुलावर येईल, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. रांग लावून बघायला कोणी गेलं नाही, म्हणून ते खरंच धरायचं.

त्याची पद्धत मोठी अजब. नवरामुलगा तो बघतच नसे. "पोरगं काय बघायचंय? पोरगं आज एक नि उद्या एक. घर बघावं, घर!" पाणी कोण आणतं, तांब्या हातात देतात की समोर आपटतात, म्हातारीची खाट उन्हात आहे की सावलीत, कुत्रं भुंकून थांबतं की भुंकतच राहतं. एका घरी नुसत्या कुत्र्याच्या भुंकण्यावरून त्यानं सांगितलं होतं की या घरातला थोरला वेगळा निघणार. आणि निघाला. कुत्रं घेऊन निघाला.

एवढ्या मोठ्या रांगेत एकच जोडी मोडली, ती त्याच्या स्वतःच्या मुलीची.

श्रद्धाला त्यानं मोहोपाड्याला दिली. घर दोन मजली, दारात बोअरवेल, मुलगा कंपनीत कायम, म्हातारीची खाट सावलीत, कुत्रं जातिवंत. पाणी तर असं आलं, की पेल्याखाली बशी आणि बशीखाली रुमाल. "पोरगा शांत हाय," भिवाजीनं घरी येऊन सांगितलं. तो इतका शांत निघाला की लग्न झाल्यावर बायकोशी बोललाच नाही. भांडण नाही, दारू नाही, हात उगारणं नाही. मीठ कमी पडलं तर आईला सांगायचा, आई श्रद्धाला सांगायची. त्या घरात फ्रीजचा आवाज सगळ्यात मोठा.

मग श्रद्धा कानात इअरफोनची बोंडं घालून भाकऱ्या थापू लागली. बोलणारी माणसं तिला मोबाइलमध्ये सापडली. पुण्याचा एक पक्षीवेडा होता, तो दर आठवड्याला पॉडकास्टवर एका पक्ष्याविषयी बोलायचा. श्रद्धानं त्याला लिहून कळवलं, तुम्ही बोलता छान, पण ऐकणारा ऐकतो आणि विसरतो. त्याला मधेच एखादं पत्र गेलं पाहिजे, त्यात एखादा प्रश्न पाहिजे, म्हणजे तोही बोलेल. पक्षीवेडा म्हणाला, मग तूच लिही. अशी मोहोपाड्याच्या ओट्याशी तिची नोकरी सुरू झाली. पॉडकास्ट ऐकायचा, त्याच्या श्रोत्यांना ईमेलनं पत्र लिहायचं, त्यांची उत्तरं आली की निवडून बोलणाऱ्याकडे द्यायची. पुढे डोंबिवलीची एक आहार सांगणारी बाई मिळाली. आणि एके दिवशी परातीत पीठ तसंच ठेवून, बॅग आणि लॅपटॉप घेऊन श्रद्धा बापाच्या ओटीवर येऊन उभी राहिली.

तिला कोणी काही बोललं नाही. भिवाजीलाही कोणी काही बोललं नाही. फक्त बोलावणी थांबली. ज्याची स्वतःची पोरगी परत आली, त्याला आपल्या पोरीचं घर बघायला कोण पाठवणार? भिवाजी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून राहू लागला. झोपाळा कुरकुरायचा, आणि आतून त्याची बायको विमलबाई कुरकुरायची.

"अवो, पाय तरी खाली टेकवा. कडी तुटंल."

"तुटू दे. बसलेल्या माणसाला कडी कशाला?"

श्रद्धाला ते बघवेना. आणि इथेच, म्हणजे दयेपोटी, तिनं पहिली चूक केली.

तिच्याकडे तेव्हा आणखी एकाच गिऱ्हाइकाला जागा होती. काम एकटीचं, एकेक भाग दोनदा ऐकायचा, आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर लिहायचं. चुकीचं माणूस घेतलं तर ते आपल्याबरोबर बाकीच्यांनाही बुडवतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती नव्या माणसाला एकच गोष्ट विचारायची: तुमच्या श्रोत्यांपैकी शेवटचं पत्र कोणाचं आलं, आणि तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत? ज्याला हे सांगता येई त्याचं काम घ्यायचं. ज्याला येत नसे त्याला हात जोडायचे.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, दोघांची विचारणा आलीय. एक भिसेगावच्या अंतराताई, नि एक ते कर्जतच्या पुढचे संतोषशेठ. तुमी जाऊन बघून येता?"

झोपाळा थांबला.

"मी?"

"मग कोण? माणसं पारखायचं काम तालुक्यात तुमच्याशिवाय कुणाला येतं?"

भिवाजीनं दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, फेटा बांधला, आणि कपाटातली ठेवणीतली छत्री काढली. पाऊस नव्हता, पण स्थळ बघायला जाताना हातात काहीतरी लागतं.

भिसेगावात अंतराचं घर जुनं, तिच्या आजोबांपासूनचं. आजोबा मास्तर, वडील मास्तर, आणि ही पंखे-मिक्सर दुरुस्त करणारी. लग्न केलेलं नाही, केसांत पांढरं आलेलं. तिच्या पॉडकास्टचं नाव 'खरखर'. लोक तिला आपल्या घरातल्या बिघडलेल्या यंत्राचा आवाज पाठवायचे आणि ती तो ऐकून दुखणं सांगायची. दुबईच्या एका माणसानं फ्रीजचं कण्हणं पाठवलं होतं, तर हिनं इथून सांगितलं, फ्रीजला काही झालेलं नाही, त्याच्या मागं पाल अडकलीय. पळसदरीच्या बाजूनं चढणाऱ्या इंजिनाच्या धापेवरून ड्रायव्हर न्याहारी करून निघालाय की उपाशी, हेही ती ओळखते असं भिसेगावात म्हणत. तिला रोज पोतंभर पत्रं येत. उत्तरं देता देता हात दुखायला लागले, म्हणून ती श्रद्धाला शोधत आली होती.

यातलं भिवाजीनं काहीही ऐकलं नाही. तो घर बघायला गेला होता, घर बघून आला.

"नको," पायरीवरच छत्री टेकून तो म्हणाला. "बसायला खुर्ची नाय. मला कपडे धुवायच्या मशीनवर बसवलं. चाय दिली ती कान तुटलेल्या कपात. बाई एकटी. घरात चाळीस पंखे नि फिरतो एकबी नाय!"

"पण बोलल्या कशा?"

"बोलायचं काय त्यात? सारखी विचारत व्हती, काका, तुमचा गुडघा उठताना वाजतो, कधीपास्नं? गुडघ्याशी काय करायचंय तिला?"

विमलबाई आतून म्हणाली, "मला तर रातदिस ऐकू येतो तुमचा गुडघा. निदान परक्या बाईनं तरी इचारलंन."

श्रद्धा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "बाबा, शेठकडं जाल ना, तर घर कसंबी असू दे. त्यांना एवढंच विचारा: शेवटचं पत्र कोणाचं आलं नि काय उत्तर दिलंत. विसरू नका हां."

"भिवाजी कदी इसरला हाय?"

संतोषशेठचं घर म्हणजे कर्जतच्या पुढे, नदीच्या वळणावर, फार्महाऊसांच्या वसाहतीच्या तोंडाशी. फाटक एवढं भारी, की बटण दाबून ते उघडलं की शेजारच्या तीन वाड्यांत दिवे मंद होत. ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा, न कुरकुरणारा. कुत्रं एकदाच भुंकलं आणि मालकाकडे बघून बसलं. म्हातारीची खाट सावलीत, वर पंखा, आणि पंखा फिरत होता. सुनेनं पितळी तबकात पाणी आणलं, डोक्यावर पदर, नजर खाली, तबकात एक गुलाबाचं फूल. भिवाजीला भरून आलं. किती दिवसांनी त्याला कोणी असं पाणी दिलं होतं.

"या भिवाजीशेठ," संतोषशेठ म्हणाला. आजवर भिवाजीला कोणी शेठ म्हटलं नव्हतं. "तुमची मुलगी हुशार आहे म्हणतात. आपला पॉडकास्ट ऐकलात ना? 'यशाचा डोंगर'?"

ऐकलेला नव्हता. ऐकला असता तर त्याला कळलं असतं, की त्यात संतोषशेठ एका आवाजात प्रश्न विचारतो आणि दुसऱ्या आवाजात स्वतःच उत्तर देतो, आणि मधेमधे टाळ्या वाजतात त्या कोणा तिसऱ्याच्या लग्नातून काढलेल्या.

"व्वा," भिवाजी म्हणाला.

मग प्रश्नाची वेळ आली. तो जिभेपर्यंत आलाही होता. पण भिवाजी खुर्चीच्या कडेवर बसला होता, हात गुडघ्यांवर, मान थोडी खाली. अशा घरी मुलीकडचा माणूस जसा बसतो तसा. आणि मुलीकडच्यानं विचारायचं नसतं. विचारतात ते समोरचे. मुलीकडच्यानं फक्त बघायचं, हो म्हणायचं, आणि निघताना उंबऱ्याला हात लावायचा. साऱ्या हयातीत त्यानं शेकडो बापांना हेच शिकवलं होतं. तुमच्या मुलाला बोलता येतं का, असं तो कुठल्याही घरी विचारून आला नव्हता. मोहोपाड्यालाही नाही.

शेठनं आतून सुपारी मागवली. "शब्द पक्का करून टाकू?"

भिवाजीनं सुपारी फोडली. नारळ घेतला. टोपी सारखी करावी तसा फेटा सारखा केला आणि गाव येईपर्यंत छत्री उघडी धरून चालत आला, ऊन नसताना.

"झालं!" त्यानं नारळ श्रद्धाच्या पुढ्यात ठेवला. "असं घर मिळायचं नाय. सुपारी फुटली."

"सुपारी? बाबा, गिऱ्हाइकाची कुणी सुपारी फोडतं का?"

"शब्दाची फोडतात. शब्द तो शब्द."

"विचारलंत?"

"काय?"

श्रद्धानं नारळ बाजूला सरकवला. विमलबाई दारात आली, नवऱ्याकडे एकदा, मुलीकडे एकदा बघून म्हणाली, "याही खेपंला घरच बघून आले वाटतं."

"तू गप गं! तुला काय कळतं?"

"मला एवढंच कळतं, की घर काय पोरीशी बोलत नाय."

त्या दिवशी श्रद्धा नाही म्हणू शकली असती. पण नाही म्हटलं असतं, तर तालुक्यात बापाचा शब्द दुसऱ्यांदा पडला असता, आणि झोपाळ्यावरून तो पुन्हा उठला नसता. तिनं अंतराला कळवलं, या वेळी जमत नाही, माफ करा. अंतराचं उत्तर लगेच आलं: तुमच्या लिहिण्यात कुठंतरी घासतंय. ठीक आहात ना?

त्याला श्रद्धानं उत्तर दिलं नाही. पत्राला उत्तर न देण्याची तिची ती पहिलीच वेळ.

'यशाचा डोंगर' कोणी ऐकत नव्हतं. पण शेठकडे पत्ते ढिगानं होते: फार्महाऊसवर राहून गेलेल्यांचे, जमीन बघून परत गेलेल्यांचे, त्याच्या हॉलमध्ये लग्नाला जेवून गेलेल्यांचे. सगळ्यांना पत्र गेलं पाहिजे, शेठ म्हणाला.

"शेठ, यांतल्या कुणीच पत्र मागितलेलं नाही," श्रद्धा फोनवर म्हणाली. "न मागता पाठवलं की लोक ते कचऱ्यात टाकतात. पुष्कळांनी टाकलं की मेल पोचवणारी यंत्रं पाठवणाऱ्याचंच नाव काळं करतात. मग माझ्या हातून गेलेलं कुणाचंच पत्र पोचणार नाही."

"एवढ्या बारकाव्यात मी जात नाही, बाळ. तुझ्या वडलांशी बोलतो."

आणि बोलला. भिवाजी लॅपटॉपसमोर येऊन उभा राहिला. या यंत्राच्या इतक्या जवळ तो पहिल्यांदाच आला होता.

"धाडून टाक ना गं. दोन अक्षरं तर हायेत."

"बाबा, ज्याच्याशी ओळख ना देख, त्याच्या दारात तुमी अक्षत ठेवून याल का? लग्नाला या म्हणून?"

"मी कसा ठेवीन? येडा हाय का मी?"

"मग हे तेच हाय."

भिवाजीला ते कळलं. हेच वाईट. त्याला अगदी नीट कळलं, आणि तरी तो म्हणाला, "शब्द गेलाय गं, श्रद्धे."

तिनं बटण दाबलं.

पत्रं गेली ती अशी, की पावसाळ्यात पाखरं दिव्यावर पडतात तशी लोकांच्या दारात पडली. एक तर खोपोलीच्या एका मयताच्या पत्त्यावर गेलं: 'उठा, यश तुमची वाट बघतंय!' घरात दहावं चालू होतं. त्याच्या मुलानं शेठला फोन करून जे सुनावलं, ते ऐकून शेठचं जातिवंत कुत्रं म्हणे चार दिवस खाटेखालून निघालं नाही. बाकीच्यांनी मुकाट पत्र कचऱ्यात लोटलं. आणि पुढच्याच आठवड्यात पक्षीवेड्याचं पत्र श्रोत्यांना पोचेना. आहारवाल्या बाईचं पोचेना. सगळी पत्रं कचऱ्याच्या पेटीत जाऊन पडायला लागली. पक्षीवेड्यानं थोडं थांबून पाहिलं, मग लिहिलं, मला वाईट वाटतं, पण माझी माणसं तुटतायत. बाईनं तेवढंही लिहिलं नाही. संतोषशेठनं सांगितलं, तुझ्या कामात दम नाही, मुंबईच्या माणसाला देतोय.

तेव्हा भिवाजी छत्री घेऊन पुन्हा निघाला. फाटकाशी पहारेकऱ्यानं विचारलं, कोण?

"भिवाजी. शेठसमोर मी सुपारी फोडलीय."

पहारेकरी आत जाऊन आला. शेठ कामात आहेत, बसा म्हणाले. ओसरीवर भिवाजी बसला, त्याच खुर्चीत, तसाच कडेवर. आतून शेठचा आवाज येत होता, दोन्ही आवाज. एकात प्रश्न, एकात उत्तर. यशाचं रहस्य काय? दिलेला शब्द! टाळ्या. भिवाजीनं सबंध भाग तिथे बसून ऐकला, आणि ऐकता ऐकता त्याला पहिल्यांदा कळलं की हे कोणाच्यानं ऐकवणार नाही. एकदा ऐकायची खोटी होती.

सून पाणी घेऊन आली. पितळी तबक, डोक्यावर पदर, नजर खाली, गुलाबाचं फूल. काही म्हणजे काही बदललं नव्हतं. भिवाजीनं पेला उचलला, आणि काय झालं कोणास ठाऊक, त्या पोरीला विचारलं, "शेठ तुमच्याशी बोलतात का गं, घरात?"

पोरीनं नजर वर केली. मागे दाराकडे पाहिलं. तबक घेऊन आत गेली.

शेठ काही बाहेर आला नाही.

घरी आल्यावर भिवाजीला वाटलं होतं, पोरगी रडेल, ओरडेल, नारळ डोक्यात घालील. श्रद्धा बॅग भरत होती.

"कुठं?"

"शेलूला. खोली घेतलीय. अंतराताईंचं काम करते. नवं नाव, नवा पत्ता, पहिल्यापास्नं."

"मी येतो की बघायला. खोली कशी हाय, आजूबाजूला..."

"नको बाबा." आवाज चढला नाही. "तुमी नका बघू."

"मला बोल तरी. दोन शिव्या दे."

तिनं बॅगेची चेन ओढली. मोहोपाड्याला राहून ती एक गोष्ट पक्की शिकून आली होती, ती म्हणजे गप्प बसणं. ती तिनं आजवर या घरात वापरली नव्हती.

आता दर शनिवारी सकाळी विमलबाईच्या मोबाइलवर 'खरखर'चं पत्र येतं. विमलबाई ते मोठ्यानं वाचते, भिवाजी झोपाळ्यावर ऐकतो. शेलूच्या नव्या इमारतीत लिफ्ट कशी कण्हते, खालच्या मजल्यावरचं बाळ कुठल्या मिक्सरच्या आवाजानं झोपतं, असलं काहीबाही त्यात असतं. मुलीची खुशाली त्याला तेवढ्यातूनच कळते, जेवढी ऐकणाऱ्या सगळ्यांना कळते. फोन ती आईला करते. बाबा कसे आहेत, विचारते. दे त्यांना, म्हणत नाही.

एका शनिवारी भिवाजी म्हणाला, "तो आवाज धाडतात तो कसा?"

"कशाचा धाडायचाय?"

"झोपाळ्याचा."

विमलबाईनं मोबाइल कडीपाशी धरला. भिवाजीनं पाय टेकवून झोका घेतला. लहानपणी श्रद्धा याच झोपाळ्यावर झोपायची. थांबला की जागी व्हायची, म्हणून तो भरल्या दुपारी बसून पायानं ढकलत राहायचा. या घरातल्या आवाजांपैकी तिला हा झोपेतसुद्धा ओळखू आला असता.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. विमलबाईनं चष्मा पुसून वाचलं.

"नमस्कार. आपल्या झोपाळ्याचा आवाज मिळाला. अंतराताई म्हणतात, कडी एका बाजूनं झिजली आहे. तेल घातलं तर काही दिवस आवाज बंद होईल, मात्र कडी बदलावी लागेल. कळवल्याबद्दल आभार. ऐकत राहा. श्रद्धा."

"वळखला आसंल ना तिनं?"

"अवो, जन्म गेला तिचा त्याच्यावर."

"मंग?"

"मंग काय? उत्तर दिलंय की. सगळ्यांना देते."

भिवाजीनं मान पुढे केली. "आणि काय लिवलंय? खाली काय हाय बघ."

विमलबाईनं बोटानं पत्र वर सरकवलं. "हाय. बारीक अक्षरात. 'ही पत्रं नको असतील तर इथं दाबा.'"

"बोट लावू नको त्याला!"

"मी कशाला लावते?"

तिनं मोबाइल पदरात पुसला आणि आत जाऊन तेलाची बुधली आणून त्याच्या शेजारी ठेवली. भिवाजीनं ती उचलली, बूच काढलं, वर कडीकडे पाहिलं. मग बूच परत लावून बुधली ओटीच्या कडेला सरकवून दिली. झोपाळा गप्प झाला, तर पुढच्या शनिवारी पाठवायला त्याच्याकडे दुसरं काय होतं?